डिकीला काठीचा टेकू अजून किती दिवस?

दिवाळीला गाडी भरून गावाला जाऊन आलेल्या लोकांचे प्रश्न यायला लागले की त्यात डिकीचा प्रश्न हमखास असतो, यंदा तर एवढे आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. फराळाचे डबे, चादरी, पोरांच्या बॅगा काढायला वाकायचं आणि वरून दार डोक्यात, हे इतक्या घरांत झालंय हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं आहे. गाडीबरोबर आलेले, डिकीचं दार वर धरून ठेवणारे शॉकअप कधीतरी संपणारच, तो काही मोठा बिघाड नाही. पण संपले हे कळूनही आपण वर्षवर्ष तसंच चालवतो ते मात्र चुकतं.

प्रश्न : आमच्याकडे २०१४ ची डिझेल एसयूव्ही आहे. वर उघडणारी डिकी गेल्या वर्षापासून हळूहळू खाली यायला लागली, मग आम्ही झाडूचा एक दांडा कापून गाडीतच ठेवला आणि तो लावून काम चालवत होतो. भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा बाबा बॅग काढायला वाकले, दांडा सटकला आणि दाराची कड डोक्याच्या मागे लागली, दोन टाके पडले. एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे शॉकअप मिळून चार हजार आठशे सांगितले, ओळखीचा मेकॅनिक म्हणतो उजवाच गेलाय तेवढा एकच टाका. भाऊ म्हणतो घरीच बदलू. काय करावं? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : ताई, आधी बाबांची काळजी घ्या, डोक्याला मागून मार आहे, पुढच्या काही दिवसांत उलटी, चक्कर, गुंगी असं काही वाटलं तर तडक डॉक्टरकडे जा. आणि आजपासून तो दांडा एकट्याच्या भरवशावर लावणं बंद, डिकी उघडायचीच असेल तर एकाने दार हाताने धरायचं आणि दुसऱ्याने सामान काढायचं.

आता मूळ गोष्ट. गॅरेजमध्ये सगळे याला डिकीचा शॉकअप म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो, पण चाकाचा शॉकअप आणि हा यांचं काम वेगळं आहे. चाकाचा शॉकअप हिसके जिरवतो, वजन तिथे स्प्रिंगवर असतं. इथे वजन शॉकअपच उचलतो, म्हणजे ही खरं तर स्प्रिंगच आहे, फक्त पोलादाच्या वेटोळ्याऐवजी गॅसची. एक नळी आणि तिच्यात आतबाहेर सरकणारा रॉड असतो. नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि आत थोडंसं तेल असतं, ते सील, म्हणजे रॉड नळीत शिरतो तिथून गॅस बाहेर जाऊ न देणारं कडं, ओलं ठेवायला आणि दार वर पोचताना धाडकन आपटू नये म्हणून. दाब किती असतो याची लोकांना कल्पना नसते. रॉड समजा ८ मिमी जाडीचा, म्हणजे त्याचं तोंड जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर, आणि तेवढ्याशा जागेवर गॅसने ४० किलोचा रेटा द्यायचा तर आतला दाब ८० बारच्या घरात जातो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो, त्याच्या पस्तीस पट धरा.

एवढी ताकद कशाला लागते असं वाटेल, कारण दार काही एवढं जड नसतं. पण शॉकअप बिजागरीच्या अगदी जवळ बसवलेला असतो. दार ३० किलोचं धरलं आणि आडवं उघडल्यावर त्याचं वजन बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर येतं असं मानलं, आणि शॉकअपचा रेटा पडतो २० सेंटिमीटरवर, तर तिप्पट जोर हवा, म्हणजे ९० किलो, दोघांत वाटून ४५-४५. रहाटाचा दांडा आखूड केला तर जोर जास्त लागतो ना, तसंच. कंपनी यात वर थोडीशीच शिल्लक ठेवते, कारण जास्त ठेवली तर दार बंद करताना लोकांना लोंबकळावं लागेल. म्हणून होतं असं की सीलमधून गॅस वर्षानुवर्षं कणाकणाने कमी होत असतो, आपल्याला काही कळत नाही, शिल्लक आहे तोवर दार मस्त उभं राहतं, आणि ज्या दिवशी ती शिल्लक संपते त्या दिवशी कालपर्यंत चांगलं असलेलं दार आज खाली. दहा वर्षं झालेल्या गाडीत हे झालं तर नवल नाही, तुमच्या गाडीने खूप साथ दिली असंच म्हणेन.

एकच टाका म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. दोन्ही एकाच दिवशी बसले, दोघांनी सारखंच काम केलं, एक गेला म्हणजे दुसरा रांगेत उभा आहे. आणि एका बाजूला नवा दमदार आणि दुसरीकडे मेलेला असं ठेवलं की दार दर वेळी एका कोपऱ्यातून पिळलं जातं, थोड्या महिन्यांत दाराच्या दोन बाजूंची फट वेगवेगळी दिसायला लागते, बिजागरी एकीकडे ढिली पडते, मग डेंटरकडे चकरा. जोडीच घ्यायची, यात काटकसर नको.

किमतीचं म्हणाल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसिस नंबर देऊन स्पेअर पार्टच्या दोन-तीन दुकानांत विचारा, फरक पडतो. पण स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, जुन्या शॉकअपवरचं लेबल आधी वाचा. त्यावर पार्ट नंबर असतो आणि बहुतेक वेळा एक आकडा आणि पुढे एन, उदाहरणार्थ ४३० एन, तो न्यूटनमधला जोर, दहाने भागलं की साधारण किलो. लेबल उडालं असेल तर पट्टीने मोजा, पूर्ण उघडलेला असताना एका टोकाच्या बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या बॉलच्या मध्यापर्यंत, शिवाय रॉडची जाडी आणि नळीची जाडी. लांबी एक-दीड सेंटिमीटरने चुकली तरी दार एकतर नीट बंद होत नाही नाहीतर पूर्ण वर जात नाही.

आता घरी बदलायचं. भाऊ करू शकतो, अर्ध्या तासाचं काम आहे, पण दोन माणसं लागतील, एकट्याने करू नका. हे मी कितीही वेळा सांगेन, कारण या कामात जे हात चिंबतात ते सगळे एकट्याने करताना. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, वारा सुटला असेल तर काम उद्यावर ढकला कारण उघडं दार म्हणजे शीडच असतं. दार पूर्ण वर न्या, अगदी वर, जिथे नवीन गाडीत थांबायचं तिथपर्यंत, आणि एकाने ते धरून ठेवायचं. त्याच्या मदतीला तो तुमचा दांडा आता कामाला येईल, पण टेकू दाराच्या आतल्या लोखंडी पट्टीला द्या, प्लॅस्टिकच्या पॅनलला नाही, आणि मध्ये फडकं ठेवा.

सोडवण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, नळी कुठल्या टोकाला आणि रॉड कुठल्या टोकाला ते दिसलं पाहिजे. दार बंद असताना रॉडचं तोंड खाली राहील असे हे बसवलेले असतात म्हणजे तेल सीलपाशी येऊन राहतं आणि सील सुकत नाही. उलटा बसवला तरी बसतो आणि उचलतोही, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग आयुष्य कमी होतं.

टोकाला काळी प्लॅस्टिकची किंवा लोखंडी वाटी असते, ती एका गोल बॉलवर बसलेली, आणि वाटीच्या मागून एक स्प्रिंगची पत्र्याची क्लिप घातलेली दिसेल. बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर त्या क्लिपखाली घालून फक्त तीन-चार मिमी उचला. पूर्ण बाहेर ओढायची नाही, ती उडून गटारात गेली की शोधत बसता. क्लिप ढिली झाली की वाटी बॉलवरून सरळ बाहेरच्या दिशेने ओढा, शॉकअपच्या लांबीच्या दिशेने नाही. काही गाड्यांत क्लिपऐवजी आरपार पिन असते ती काढावी लागते, काहींत अख्खी पट्टीच दोन बोल्टवर असते, तिथे दहाचा किंवा बाराचा पाना. आधी बघून घ्या आपल्याकडे कुठला प्रकार आहे, मगच हात घाला.

आणि एक बाजू काढली की तीच नवीन बसवून पूर्ण करायची, मगच दुसरी बाजू. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. यामागे दोन कारणं आहेत, एक तर उघड आहे की दार सगळं हातावर येतं, दुसरं फार कोणी सांगत नाही ते म्हणजे बऱ्याच गाड्यांत दार वर कुठे थांबायचं हे शॉकअपच ठरवतो, तो नसला की दार हवं त्यापेक्षा मागे जातं आणि टपाला नाहीतर स्पॉयलरला जाऊन घासतं, रंग गेला मग.

बॉल फडक्याने पुसून घ्या, वाटीत बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस चालेल. नवीन शॉकअप वाटी बॉलसमोर धरून तळहाताने दाबा, टक् असा आवाज आला की बसला, मग ओढून बघा. इथे सगळे एका ठिकाणी अडकतात, वरचं टोक बसलं आणि खालचं अर्धा-एक सेंटिमीटर पुढे जातंय, मग वाटतं दुकानदाराने चुकीचा दिला. हातोडी घेऊ नका. नवीन शॉकअप हाताने दाबला जात नाही, त्यात ४० किलोच्या वरचा जोर आहे, तुमचं दार पूर्ण वर गेलेलं नाहीये एवढंच. धरणाऱ्याला म्हणावं अजून बोटभर उचल, आपोआप जागेवर येतं.

दोन्ही बसले की टेकू काढा पण हात दारावर ठेवूनच, मग दार सावकाश खाली आणून बंद करा, मागचा ट्रे किंवा सीटचा पट्टा शॉकअपला घासत नाही ना ते बघा. झालं काम. आणि बाबांना पहिल्यांदा तुम्ही स्वतः उघडून दाखवा, एकदा लागलं की माणूस त्या दाराखाली जायला घाबरतो.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, पहाटे लवकर गाडी काढावी लागते. थंडीच्या दिवसांत सकाळी डिकी अजिबात थांबत नाही, दुपारी त्याच गाडीची डिकी व्यवस्थित उभी राहते. मेकॅनिकला दुपारी दाखवली तर तो म्हणतो काही झालेलं नाही. (एक वाचक, निफाड)

उत्तर : दादा, तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाहीये आणि तुम्हीही नाही. गॅस गार पडला की त्याचा दाब उतरतो, दर डिग्रीला साधारण शेकडा एक तृतीयांश धरा. दुपारी ४० डिग्रीला असलेल्या शॉकअपपेक्षा पहाटे १० डिग्रीला असलेल्या शॉकअपचा जोर जवळजवळ दहा टक्के कमी भरतो. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे, तिथे पारा याच्याही खाली जातो. नव्या शॉकअपमध्ये हा फरक गृहीत धरलेला असतो म्हणून तो जाणवत नाही, तुमच्याकडे मात्र सगळी शिल्लक वापरून झालीये आणि थंडीने तेवढं शेवटचं काढून घेतलं. म्हणजे शॉकअप संपत आलेत. उन्हाळा आला की डिकी चांगली वाटायला लागेल आणि तुम्ही विसरून जाल, पण पुढच्या थंडीत पहाटे अंधारात क्रेट उचलताना तेच दार पाठीत येईल. मेकॅनिकला गाडी सकाळी सहाला दाखवा, नाहीतर दाखवत बसूच नका, सरळ जोडी बदला.

उलटं पण होतं बरं का. विदर्भातले लोक मे महिन्यात लिहितात की डिकी बंद करायला फार जोर लागतो, गाडी उन्हात उभी असते, शॉकअप तापलेला असतो, जोर वाढलेला असतो. संध्याकाळी परत नरम. त्यात बिघाड काही नाही.

प्रश्न : कोणता शॉकअप गेलाय आणि किती गेलाय हे घरच्या घरी मोजायची काही सोय आहे का? मी निवृत्त शिक्षक आहे, विज्ञान शिकवायचो. (एक वाचक, सातारा)

उत्तर : सर, तुम्हाला हे करायला आवडेल. आपण ज्याच्यावर उभे राहून वजन बघतो तो बाथरूममधला काटा घ्या. त्यावर लाकडाची फळी ठेवा, काढलेला शॉकअप रॉड खाली करून उभा धरा, दोन्ही हातांनी वरून सरळ हळूहळू दाबत जा आणि रॉड आत सरकायला लागतो त्या क्षणी काटा वाचा. तिरका दाबला तर सटकतो, म्हणून भिंतीलगत उभं राहून करा आणि तोंड बाजूला ठेवा. मी माझ्या गाडीचे काढले तेव्हा लेबलवर ४३० एन होतं, म्हणजे ४४ किलोच्या आसपास दिसायला हवं होतं, पण डाव्याला २६ किलोलाच रॉड आत गेला आणि उजव्याला ३१ ला. आतल्या घर्षणामुळे दाबताना आकडा थोडा वाढूनच येतो, म्हणजे खरा जोर याहूनही कमी. गंमत बघा, मला इतके दिवस वाटत होतं की फक्त डावा गेलाय, उजवा ठणठणीत आहे, कारण तेल डाव्याच्याच रॉडवर दिसायचं. नवा शॉकअप मात्र असा मोजायला जाऊ नका, तो दाबताना हात सुटला तर लागेल.

काढायचा नसेल तर डोळ्यांनी बघा, रॉड जिथे नळीत शिरतो तिथे काळपट ओलसर रेघ दिसली, धूळ चिकटून लेप झालेला दिसला, तर सील गेलं. कोरडा आहे म्हणून चांगला आहे असं मात्र नाही, कारण गॅस निघून जाताना काही दिसत नाही.

प्रश्न : इकडे एक जण जुन्या शॉकअपमध्ये परत गॅस भरून देतो, पाचशे रुपयांत दोन्ही. करून घ्यावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नको. हे नळकांडं एकदा बंद केलं की परत उघडायचं म्हणून बनवलेलं नसतं, भरायचं तर नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवावा लागतो, आणि वर लिहिलंय ना दाब किती असतो ते. शिवाय गॅस गेला तो सील झिजलं म्हणून गेला, सील तेच ठेवून गॅस भरला तर तो परत तिथूनच जाणार. किती एनचा होता, किती भरला, दोन्हींत सारखा भरला का, हे मोजायला त्याच्याकडे काही साधन आहे का विचारा. आपल्याकडे हातातल्या कसबाची मला फार कदर आहे, इचलकरंजी-कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये काय काय बनतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, पण हे काम त्या जातीचं नाही. पाचशे रुपये वाचवा आणि नव्या जोडीत घाला.

रॉडला पकड लावून दार अडवतात तेही करू नका. रॉडवर नखाला लागेल एवढा चरा पडला तरी दर वेळी तो चरा सीलमधून आतबाहेर जातो आणि सील कापत राहतो. नवी जोडी येईपर्यंत आठ-दहा दिवस काढायचेच असतील तर पीव्हीसी पाईपचा तुकडा घ्या, दार पूर्ण उघडल्यावर रॉड जेवढा बाहेर दिसतो तेवढ्याच लांबीचा, त्याला उभी चीर द्या आणि दार उघडल्यावर रॉडवर चढवा, म्हणजे रॉड आत जाऊच शकत नाही. तो झाडूच्या दांड्यासारखा सटकत नाही. फक्त दार बंद करायच्या आधी आठवणीने काढायचा, नाहीतर दाराला जोर लावाल आणि वाटी मोडेल.

प्रश्न : आमचं घर समुद्राजवळ आहे. चारच वर्षांत शॉकअपच्या रॉडवर गंजाचे ठिपके आले. ग्रीस लावत जाऊ का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : ग्रीस लावू नका हो, त्यावर वाळू आणि धूळ चिकटते आणि दार बंद करताना ती सगळी सीलच्या ओठावर जाऊन बसते, म्हणजे आपणच पॉलिश पेपर लावल्यासारखं. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात तेही रॉडवर मारायचे नाहीत. सुती कोरडं फडकं घ्या आणि आठवड्यातून एकदा दार उघडलं की रॉड पुसा, एवढंच, मीठ बसू द्यायचं नाही. पावसाळ्यात गाडी धुतल्यावर डिकी उघडून बाजूच्या पन्हळीतलं पाणीही टिपून घ्या, ते तिथे साचून राहतं. ठिपके हाताला खरखरीत लागत असतील तर आता पुसून उपयोग नाही, सील खराब व्हायला सुरुवात झालीच असेल. आणि रॉड कधी पॉलिश पेपरने घासायचा नाही, वरचा गुळगुळीत थर निघाला की संपलं. कोकणात गाडी रंगवायला दिली तर डेंटरला सांगा की रॉडला कागद गुंडाळून मगच स्प्रे मार, रंगाचे बारीक कण रॉडवर बसतात आणि वाळले की काचेसारखे कडक होतात.

प्रश्न : आम्ही मागच्या दारावर सायकल कॅरिअर लावलाय आणि मोठा स्पॉयलर पण. नवीन शॉकअप टाकूनही दार थांबत नाही. जास्त एनचे टाकले तर चालतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सायकली चढवलेल्या असताना डिकी उघडायचीच नाही, हे पहिलं. कॅरिअर बनवणारेही हेच सांगतात. दार वर जाऊन थांबलं तरी बिजागरी आणि पत्रा एवढ्या वजनासाठी नसतो.

रिकाम्या कॅरिअरचं म्हणत असाल तर हो, वजन वाढलं तर जोर वाढवावा लागतो, आणि वजन दाराच्या खालच्या टोकाला वाढलं असेल तर फारच, कारण तिथलं एक किलो बिजागरीपासून मीटरभर लांब असतं, वर केलेल्या हिशोबात बघा, २० सेंटिमीटरवर रेटा असेल तर तिथल्या दोन किलोला शॉकअपवर दहा किलो जास्त लागतात. पण अंदाजाने सगळ्यात दणकट जोडी आणू नका. जास्त जोराचे शॉकअप दार बंद असतानाही बिजागरीला आणि बॉलच्या पत्र्याला ढकलत राहतात, रात्रंदिवस, मग दाराच्या वरच्या कोपऱ्यात पत्रा फुगतो, कधी मागच्या काचेच्या कडेला ताण येतो, लॉक उघडलं की दार हनुवटीवर येतं. कॅरिअर काढून घरात ठेवा आणि सायकल न्यायची तेव्हाच लावा, म्हणजे मूळ एनचेच पुरतील. आधी हे करून बघा.

दारावर कायम स्टेपनी असलेल्या गाड्यांत दार बाजूला का उघडतं याचं कारणही हेच बघा. बोलेरोचं दार बाजूला उघडतं, इकोस्पोर्टचंही तसंच होतं, एवढं वजन वर उचलण्यापेक्षा बाजूला फिरवणं सोपं. थारमध्ये तर दोन तुकडे आहेत, खालचं स्टेपनीवालं दार बाजूला आणि वरची काच फक्त शॉकअपवर.

प्रश्न : बटणाने उघडणारी डिकी आहे, मध्येच थांबते आणि पिक्-पिक् आवाज करते. बाहेरून साधे शॉकअप आणून टाकू का, मोटरवाले फार महाग आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, इथे घरगुती काम नको. बटणाच्या डिकीत बाजूचा दांडा दिसतो शॉकअपसारखा पण बहुतेक गाड्यांत त्याच्या आत मोटर आणि स्क्रू असतो, एका बाजूला मोटर आणि दुसरीकडे साधा गॅसचा अशीही जोडी असते. मोटरवाल्याच्या जागी साधा टाकला तर गाडीचा कॉम्प्युटर एरर देत राहील. पण नवी मोटर घेण्याआधी एक गोष्ट तपासायला सांगा, जोडीतला साधा गॅसचा असेल तर तोच गेला असेल, आणि त्याचा भार पडल्यामुळे मोटर दमते आणि गाडीला वाटतं मध्ये कोणाचा हात आलाय, म्हणून ती थांबते. बॅटरी उतरलेली असेल तरी असंच होतं. दोन्ही बघून मगच खर्चाचं ठरवा.

प्रश्न : जुने शॉकअप काढून ठेवलेत. मुलगा आयटीआयला आहे, म्हणतो कापून आत काय आहे ते बघतो. भंगारवाला पण मागतोय. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुलाला आज, हे वाचल्या वाचल्या थांबवा. उत्सुकता चांगली आहे, मला तो पोरगा आवडला, पण ग्राइंडरने किंवा ड्रिलने तो कापायचा नाही. दार उचलत नाही म्हणजे रिकामा झाला असं नसतं, माझा २६ किलोवाला मेलेला म्हणून काढला होता ना, त्याच्यातसुद्धा अर्ध्याहून जास्त दाब शिल्लक होता. कापताना रॉड गोळीसारखा सुटतो आणि बरोबर तेल डोळ्यात उडतं. नळीवर उघडू नका, गरम करू नका अशी सूचना छापलेली असते ती वाचायला द्या त्याला. आत काय असतं ते बघायचंच असेल तर त्याच्या आयटीआयच्या सरांना विचारा, कापलेला नमुना शिकवायला ठेवलेला असतो कधी कधी.

भंगारवाल्याला देणार असाल तर तोंडी सांगा की यात गॅस दाबून भरलाय, भट्टीत तसाच टाकू नको, आणि नळीवर खडूने मोठ्या अक्षरात तसं लिहा पण. तो पुढे ज्याला देईल त्याने आपलं बोलणं ऐकलेलं नसतं. त्यापेक्षा नवी जोडी जिथून घेतली त्या दुकानात किंवा मोठ्या गॅरेजला परत द्या, त्यांच्याकडे असा माल वेगळा जातो. तोवर घरात पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, चुलीजवळ नको, उन्हात पत्र्यावर नको.